आजोबांच्या नावाची मेणबत्ती

तो दिवा जरा इकडे सरकव ना, नीवेस. मोठे दिवे नको लावूस. बार उघडा आहे समजून कुणीतरी आत घुसेल, आणि आज मला तुझ्याशिवाय कुणी नकोय. तसं जानेवारीत कोण येणार म्हणा! आत्ता येताना पाच पूल ओलांडले, रस्त्यात एक माणूस नाही. फक्त धुकं. समोरच्या घराची खिडकी दिसत नाही, पण त्या घरातली बाई कांदा परततेय तो वास मात्र थेट नाकात.

किती वाजले? चार वाजून दहा. चालेल. साडेपाचच्या आत मला घरी पोचायचंय. का ते शेवटी सांगते. मधे बोलू नकोस हं, नाहीतर काहीतरी सांगायचं राहून जाईल. आणि राहून गेल्यामुळेच तर हे सगळं झालंय.

सुरुवात एकदम साधी आहे. सालूतेच्या माउलीचा सण, एकवीस नोव्हेंबर. तू काउंटर सोडून पळत आली होतीस बघ, पुलावर भेटलो आपण, तू माझा अर्धा वडा खाल्लास. तोच दिवस.

आई सकाळपासून कास्त्रादीना ढवळत होती. दोन दिवस ते धुरातलं मटण आणि कोबी, सगळ्या घराला वास. मी बूट घालत होते तर आतूनच ओरडली, "ओर्सोला, सात आण हं! दरवर्षीसारख्या!"

बाबा म्हणाले, "आणि जाताना माझ्या बोटीतली कोबीची पेटी उचलून वर आण. आधी भाजी, मग देव."

"तुमची भाजी तुम्ही आणा," मी म्हटलं आणि सटकले.

आता तुमच्या घरात काय पद्धत आहे मला माहीत नाही. आमच्याकडे माणशी एक मेणबत्ती. घरात जितकी जिवंत माणसं, तितक्या. गेलेल्या माणसांचा दिवस वेगळा, त्यांच्यासाठी दोन नोव्हेंबरला होडीने कबरस्तानाच्या बेटावर जायचं, फुलं ठेवायची, रडायचं, परत यायचं. सालूतेची मेणबत्ती म्हणजे तब्येत. ती जिवंत माणसाचीच. आजीने मला सहा वर्षांची असताना हे शिकवलं, आणि तेव्हापासून मेणबत्त्यांचं खातं माझ्याकडे. मी लहान होते ना, गर्दीत पायांमधून पुढे सरकायचे.

देवळात मेणबत्त्या लावणाऱ्या लोकांना तू पाहिलंयस. हातातून ओढून घेतात, पेटवतात, खिळ्यावर टोचतात, आणि दोन मिनिटांत अर्धवट जळलेली काढून पेटीत टाकतात, कारण मागे हजार माणसं उभी असतात. त्या दोन मिनिटांत नावं घ्यायची. मी पाढ्यासारखी म्हणते. आन्जोलो, कातीना, रुज्जेरो, लोरेन्झा, तुल्लियो, जिनेव्रा, ओर्सोला. आजोबा, आजी, बाबा, आई, दादा, वहिनी, मी. सात वर्षं झाली, दादाचं लग्न झाल्यापासून हाच क्रम, हीच चाल.

तर मी सात मेणबत्त्या दिल्या, सात नावं घेतली, क्रुसाची खूण केली, बाहेर आले, तू भेटलीस, वडा खाल्ला. झालं.

लक्षात आलं का तुझ्या?

नाही ना! माझ्याही नाही आलं. अगं, आजोबा फेब्रुवारीत गेले. तू आली होतीस मयताला, हिरवी टोपी घालून. आणि मे महिन्यात आल्बा झाली. दादा-जिनेव्राची आल्बा. एक गेलं, एक आलं. सात ते सातच. आई बरोबर बोलली, मेणबत्त्या बरोबर आणल्या, फक्त नावं... नावं मी जुनी घेतली.

लक्षात केव्हा आलं, तर रात्रीच्या जेवणाला. आजीने माझ्या ताटलीत वाढता वाढता विचारलं, "पोरीचं नाव पहिलं घेतलंस ना? पहिलंच वर्ष आहे तिचं."

मी चमचा खाली ठेवला. शप्पथ सांगते, कान गरम झाले. सगळे माझ्याकडे बघतायत. आल्बा जिनेव्राच्या मांडीवर, तोंडाला कोबी फासलेली. आणि मी म्हटलं, "हो. पहिलंच."

खोटं. का बोलले? आजी रडली असती म्हणून. नऊ महिनेही झाले नव्हते तिचा माणूस जाऊन, आणि मी तिला काय सांगू, की मी तुझ्या मेलेल्या नवऱ्याच्या तब्येतीसाठी प्रार्थना करून आले आणि जिवंत पणतीला विसरले? आणि मनात म्हटलं, मेण आहे, वात आहे, काय होतंय!

दादाने टोमणा मारलाच. "हिचं तोंड बघ. रांगेत पोरांकडेच बघत असणार ही, नावं कसली घेतेय."

सगळे हसले. मी पण हसले.

आता आजोबांची एक गोष्ट सांगायला हवी. पन्नास वर्षं त्यांनी बोटींना डांबर लावलं. शेवटची चार वर्षं छाती इतकी गेली होती की हाकसुद्धा मारता यायची नाही. दोन छोटे खोकले आणि एक लांब, जुनं इंजिन चालू करताना करतं ना, तसं. आजी शेजारच्या खोलीत झोपायची, कारण त्यांच्या खोकल्याने तिला झोप लागायची नाही. मग दोघांनी ठरवलेलं. खोकल्याची उबळ संपली की आजोबा भिंतीवर बोटाने दोनदा ठोकायचे. टक टक. म्हणजे मी बरा आहे, तू उठू नकोस. आणि एकदाच ठोकलं तर, इकडे ये. आजी म्हणायची, एकदाच ठोकतो तेव्हा त्याला काही झालेलं नसतं गं, एकटं वाटत असतं. तरी जायची.

संध्याकाळी साडेपाचला औषध असायचं, त्यानंतर हमखास उबळ. आमच्या घरात घड्याळ बघायची गरजच नव्हती. खोकला, टक टक, साडेपाच.

ते गेल्यावर त्यांची खोली दादा-जिनेव्राला दिली. आल्बाचा पाळणा त्याच भिंतीला लागून.

सणानंतर तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात नखं रंगवत होते. आजी मटार सोलत होती. साडेपाच वाजले आणि आतून आल्बा खोकली. बारीक आवाज, मांजराच्या पिल्लासारखा. दोन छोटे. एक लांब.

आणि मग, टक.

आजीचे हात थांबले. माझा ब्रश नखावरून बोटावर गेला.

जिनेव्रा आतून म्हणाली, "काही नाही, पाय मारला तिने पाळण्याला. सर्दी झालीय वाटतं."

आजीने शेंगांची टोपली जवळ ओढली. एकेक मटार पुन्हा सोलायला लागली. पण नीवेस, ती हसत होती. खाली मान घालून, अगदी थोडंसं.

डिसेंबरभर आल्बा आजारी. ताप यायचा, जायचा. दोनदा हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तिथल्या खिडकीतून कबरस्तानाचं बेट दिसतं, जिनेव्रा पडदा लावून घ्यायची. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. मग दादाला म्हणाल्या, "घरात कुणी सिगार ओढतं का?"

"नाही."

"कारखाना वगैरे आहे शेजारी? रंग, डांबर, असं काही?"

"नाही हो. का?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "छाती फार... थकलेली वाटतेय. इतक्या लहान बाळाची अशी नसते."

दादा मला हे जिन्यात सांगत होता. माझा दादा, जो मयताच्या वेळीही विनोद करत होता, तो कठड्याला धरून उभा आणि ओठ पांढरे. मी घरात पळाले आणि आल्बाला उचललं, तिच्या डोक्यावर नाक ठेवलं. बाळाच्या डोक्याला कसा दुधाचा वास असतो? तो नव्हता. डांबर, नीवेस. डांबर आणि थंड झालेली सिगार. आजोबा कामावरून आले की त्यांच्या केसांना असायचा तो.

आणि इकडे आजी! आजी दिवसेंदिवस टवटवीत. केस विंचरून, ओठाला लिपस्टिक, टेबलावर एक ताटली जास्त. आई ओरडायची, "अहो सासूबाई, आठ कशाला?" तर म्हणायची, "असू दे." नाताळच्या आदल्या दिवशी मी तिच्यासोबत भांडी पुसत होते, साडेपाचला भिंतीवर आवाज आला. टक टक. स्पष्ट. दोनदा. आजी माझ्या कानाशी आली.

"ऐकलंस? परवापर्यंत एकदाच ठोकायचा. आता दोनदा ठोकतो." तिचे डोळे चमकत होते. "त्याची तब्येत सुधारतेय."

माझ्या हातातली बशी पडून फुटली. आजी खाली वाकली, तुकडे गोळा करायला लागली आणि तितक्याच हळू म्हणाली, "सालूतेने ऐकलं. कुणीतरी नाव घेतलं असणार त्याचं."

तिने माझ्याकडे वर बघितलं नाही. मला आजही कळत नाही तिला तेव्हाच कळलं होतं का.

मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुला सांगावंसं वाटलं होतं, तू मावशीकडे डोंगरात गेली होतीस. नवं वर्ष उजाडलं. आल्बाचं रडणंही बंद झालं, रडायला श्वास लागतो ना. नुसती बघत पडायची. बारा जानेवारीला दुपारी जिनेव्रा मला म्हणाली, "ओर्सोला, मी काय चुकले गं? दूध देते, ऊब देते. माझं काय चुकलं?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी कोट घातला आणि निघाले.

धुकं इतकं होतं की वापोरेत्तोची बोट पावलापावलाला भोंगा वाजवत चालली होती. डेकवर मी, एक कुत्रं आणि त्याची बाई. कुत्रं सगळा रस्ता माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे बघत होतं. बाई म्हणाली, "चल रे, काय बघतोस, कोणी नाहीये." मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. कुत्र्याने मान वळवली, बाकाकडून माझ्याकडे.

सालूतेला उतरले. नोव्हेंबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आता त्या एवढ्या पायऱ्यांवर ओलं शेवाळ आणि एक कबुतर. घुमट वर कुठेतरी असणार, दिसत नव्हता. दार ढकललं. आत बाहेरपेक्षा जास्त गारठा. ओला दगड, जुनं मेण. मधोमध तो लांब साखळीचा दिवा टांगलेला, आणि खाली फरशीवरची ती फुलाफुलांची नक्षी. माझ्या बुटांचा आवाज घुमटात जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा, जरा उशिराने. जणू मागून कुणी माझ्यासारखंच चालतंय.

झुआनेकाका होते तिथे. ओळखतेस ना तू, देखरेख करणारे, नाकावर मस. पेट्यांमध्ये नोव्हेंबरातले मेणबत्त्यांचे तुकडे भरत होते, मेणवाला घेऊन जातो ते.

"अगं बाई, माणूस आलं!" ते म्हणाले. "सकाळपासून दोन जपानी आणि तू. पावणेपाचला बंद करतो हं."

"काका, एक मोठी मेणबत्ती द्या. आणि... एक विचारू?"

"विचार."

"घेतलेलं नाव परत घेता येतं का?"

हसायला लागले. "हे काय पोस्ट ऑफिस आहे? पत्ता चुकला, परत द्या!" मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. हात पुसले. "कुणाचं घेतलंस?"

"आजोबांचं. सवयीने. ते फेब्रुवारीत गेलेत, आणि मी सणाला..."

त्यांच्या हातातला तुकडा पेटीत पडला. त्यांनी तो उचलला नाही. मग म्हणाले, "दरवर्षी एकदोन जणी करतात ही चूक. बहुतेकींना कळतही नाही. घरात एकजण खंगत जातो, तेवढंच..." आणि वाक्य सोडून दिलं. "माझी आई म्हणायची, ज्याचं घेतलंस त्यालाच सांगायचं. दुसरं कुणी काही करू शकत नाही. त्याला माहीत नसतं ना बिचाऱ्याला."

"काय माहीत नसतं?"

"की तो मेलाय. तू सालूतेला सांगितलंस, त्याला बरं कर. तो बरा होतोय." त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली, पैसे घेतलेच नाहीत. "मी बाजूचं दार लावून येतो."

आणि गेले. त्यांची पावलं गेली, दार वाजलं, आणि मग काहीच आवाज नाही.

मी मेणबत्ती खिळ्यावर टोचली. काडी ओढली. वातीला लावली. वात पेटेना. दुसरी काडी. वातीवर पाण्याचा थेंब असल्यासारखं चुर्र झालं. तिसरी. बोट भाजलं. "आल्बा," मी म्हटलं, "आल्बासाठी, आल्बासाठी..." नाही. काळी वात तशीच.

वास आला आधी. डांबर.

मग मागच्या बाकांवरून खोकला. दोन छोटे. एक लांब. लहान बाळाचा नाही, नीवेस... मोठ्या माणसाचा. भरलेला, जोरकस. बऱ्या होत चाललेल्या माणसाचा. आणि लाकडावर, टक टक.

मी बरा आहे, तू उठू नकोस.

मी वळले नाही. वळले असते तर... नाही वळले. समोरच्या त्या काळ्या वातीकडे बघत राहिले आणि बोलले. इतकं हळू बोलले की मलाच ऐकू आलं नसेल.

"आजोबा. मी आहे. ओर्सोला."

टक टक.

"आजोबा, माझी चूक झाली हो. मी सवयीने नाव घेतलं तुमचं. तुम्ही... तुम्ही बरे होत नाही आहात."

काही नाही. घुमटात कुठेतरी पाणी टपकलं.

"तुम्ही फेब्रुवारीत गेलात. सकाळी. आजीने तुमचे डोळे मिटले. बाबांनी तुम्हाला त्यांच्याच बोटीतून नेलं, हट्टाने. तुमचा तो निळा स्वेटर घातला होता. आल्बा तुम्ही पाहिलीच नाहीत, ती नंतर झाली. तुमचा श्वास तिचा आहे, आजोबा. तो तिला परत द्या. तुम्ही मेलायत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही... मी सांगतेय."

अगं, आपल्या माणसाला असं तोंडावर सांगायचं! ज्याने मला वल्हं धरायला शिकवलं. मी रडतही नव्हते, नुसते दात वाजत होते. किती वेळ गेला माहीत नाही. मागे बाक करकरलं, कुणीतरी उभं राहावं किंवा बसावं तसं. आणि मग...

टक.

एकदाच.

माझ्या समोरची वात आपोआप पेटली. काडी माझ्या हातात विझलेली होती.

मी घाबरून, घाईघाईने, सगळी नावं पुन्हा घेतली. म्हटलं, आता चूक नको, कुणी सुटायला नको. त्यांचं सोडून. कातीना, रुज्जेरो, लोरेन्झा, तुल्लियो, जिनेव्रा, ओर्सोला. आणि शेवटी, आल्बा. तेच नाव तीनदा घेतलं. मग पळाले. झुआनेकाका दारात होते, मला काही विचारलं नाही, फक्त माझ्या मागे बघून दार पटकन लावून घेतलं.

घरी पोचले तर जिन्यातच आल्बाचं रडणं ऐकू आलं. असं रडणं! खणखणीत, भुकेलं, शेजारी भिंत ठोकतील असं. जिनेव्रा हसतेय, रडतेय, "ताप गेला, ओर्सोला! घामाने चिंब झाली आणि गेला!" दादाने मला उचलून गोल फिरवलं. मी आल्बाचं डोकं हुंगलं. दूध. फक्त दूध. बाबांनी बाटली उघडली.

आजी तिच्या खोलीत होती, अंधारात, भिंतीकडे तोंड करून बसलेली. लिपस्टिक पुसलेली.

"काय सांगितलंस त्याला?" तिने विचारलं.

 मी खाली बसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, सगळं सांगितलं. नाव, खोटं, देऊळ, सगळं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. चिडली नाही. म्हणाली, "बरं केलंस. पोर महत्त्वाची." मग भिंतीकडे बोट केलं. "आत्ता ठोकलं त्याने. एकदाच."

"मग?"

"मग काय... चार वर्षं गेले मी, एकदा ठोकलं की." तिचा हात माझ्या डोक्यावर थांबला. "आज नाही गेले. भीती वाटली, ओर्सोला. माझ्याच माणसाची."

मला वाटलं संपलं. तुलाही तेच वाटतंय ना? थांब.

तीन दिवस आजीच्या भिंतीवर. रोज साडेपाचला, एकदाच. ती कानावर उशी धरून बसायची. चौथ्या दिवशी तिथे शांत. मी म्हटलं, चला, समजले आजोबा, गेले. तर जेवताना बाबा म्हणाले, "हा हीटरचा पाइप बघायला हवा. साडेपाचला आवाज करतो, माझ्या डोक्याशी."

तीन दिवस बाबांच्या बाजूला. मग तीन दिवस आई चिडचिड करत होती, तिच्या शिवणाच्या कोपऱ्यात कुणीतरी ठोकतं म्हणून, शेजारणीशी भांडायलाही गेली. मग दादा. एकवीस, बावीस की तेवीस, मी आता दिवसही नीट सांगू शकत नाही. दादा न्हाणीघरातून बाहेर आला, म्हणाला, "कुणी दार वाजवलं का?" मग जिनेव्रा. काल तिचा तिसरा दिवस झाला.

कळलं का तुला? मोज ना. कातीना, रुज्जेरो, लोरेन्झा, तुल्लियो, जिनेव्रा.

माझा पाढा आहे तो. मीच दिलाय आजोबांना. माणसांची यादी, ओळीने. आणि ते एकेकाच्या दारात जाऊन विचारतायत, येतेस का, येतोस का. कुणी उत्तर देत नाही म्हणून पुढच्याकडे. आता माझं नाव. आज साडेपाचला माझ्या भिंतीवर. माझ्या खोलीची ती भिंत तिसऱ्या मजल्यावर आहे, बाहेर खाली थेट कालवा. पलीकडे उभं राहायला काही नाहीच.

तू म्हणशील, झोपायला माझ्याकडे ये. किती वेळ मीही तेच म्हणतेय स्वतःला. पण मी तीन दिवस इथे काढले आणि गप्प राहिले, की माझ्यानंतर कोण? तीनदा घेतलं मी तिचं नाव. आम्ही मोठे गप्प बसू शकतो. कानावर उशी धरू शकतो. आठ महिन्यांच्या बाळाला कोण सांगणार, उत्तर देऊ नकोस म्हणून? ती सध्या सगळं ठोकते, चमचा, ताटली, माझं नाक.

म्हणून मी ठरवलंय. माझ्या भिंतीवर वाजलं की उत्तर द्यायचं. काय द्यायचं ते माहीत नाही अजून. एकदा की दोनदा. पण यादी माझ्यापाशी थांबली पाहिजे.

हे ठरवूनच तर मी दुपारी घराबाहेर पडले. निघताना आल्बाला कडेवर घेतलं, म्हटलं, पापा दे आत्याला. ती स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीकडे बघत होती, जिच्या पलीकडे नुसता जिना आहे. तिने मूठ उचलली आणि भिंतीवर मारली. मला वाटलं, खेळतेय. मग तिने डोकं बाजूला कलतं केलं आणि थांबली. वाट बघितल्यासारखी. मग परत मारली. मधलं अंतर अगदी मोजून.

टक टक.

तिला कुणी शिकवलं हे? जिनेव्राला विचारलं, तर ती मोज्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अगं, ते होय? सणाच्या दुसऱ्या दिवसापासून करतेय ती, तापात पडून असायची तेव्हाही, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखी. रोज. आणि मग अशी हसते बघ..."

किती वाजले गं? पाच? उठते मी. दिवा राहू दे.